रयतेच्या दारी राजाचा मुक्काम (मध्ययुगीन युरोप)

मध्ययुगात युरोपातला राजा किंवा सरदार मुलखात फिरायला निघाला की तो, त्याची माणसं, घोडे, शिकारी कुत्रे या सगळ्यांना जेवूखाऊ घालून रात्रभर ठेवून घ्यायचं काम कुळांचं, गावांचं नाहीतर मठांचं असायचं. आग्रहाचा पाहुणचार वगैरे काही नाही, सरळसरळ कर होता हा. इंग्लंडात त्याला फेऑर्म म्हणायचे, फ्रान्समध्ये झीत. रोख पैसा फार खेळत नव्हता आणि धान्य-मांस गाड्यांवर लांब न्यायचं म्हणजे भाड्यातच अर्धं संपणार, म्हणून राजाच कोठारांच्या दारात जायचा, शिवाय जाता जाता दरारा पण बसायचा.

किती खायचे? वेसेक्स या दक्षिण इंग्लंडातल्या राज्याचा राजा आयनी (इ.स. ६८८ ते ७२६) याच्या कायद्यात १० हाइड (हाइड हे तेव्हाचं जमिनीचं माप) जमिनीमागची यादीच दिलीये: १० पिंप मध, ३०० पाव, ४२ अँबर बिअर (अँबर हे तेव्हाचं माप), २ गायी किंवा १० मेंढे, १० हंस, २० कोंबड्या, १० चीज, एक अँबर लोणी, ५ सामन मासे, १०० वाम आणि वर जनावरांना वैरण. भाजीपाल्याचं नाव नाही! ही राजाच्या रोजच्या जेवणाची शिधासामग्री असं बरीच वर्षं धरून चालले होते, पण २०२२ मध्ये लेगेट आणि लॅम्बर्ट या संशोधकांनी हिशोब मांडला की हे साधारण ३०० पानांच्या एकाच पंगतीचं सामान दिसतंय, माणशी ४००० कॅलरीच्या आसपास, आणि त्या पंगतीला गावकरीही बसत असावेत. मला हे पटतं, कारण इतकं सगळं साठवून टिकवणार कसं.

खरी डोकेदुखी लवाजम्याची. चर्चचे मोठे अधिकारी तपासणीला यायचे तेव्हाही हेच, इतकं की ११७९ च्या लॅटरन परिषदेला (रोममधली चर्चची मोठी सभा) नियमच करावा लागला: आर्चबिशपने फार तर ४०-५० घोडे आणायचे, बिशपने २०-३०, आणि शिकारी कुत्रे-ससाणे घरी ठेवायचे. कित्येक दिवसांचा साठा एका तासात फस्त होतो ही तक्रार त्या ठरावातच आहे. फ्रान्समध्ये मग बऱ्याच ठिकाणी झीतची ठरावीक रक्कम बांधून घेतली, इंग्लंडात १०८६ च्या डूम्सडे नोंदींत (राजाने केलेली जमीन-मालमत्तेची मोजदाद) 'एका रात्रीची फेऑर्म' काही राजमहालांवर अजून दिसते पण तीही तोवर पैशात मोजायला लागलेले.

आयर्लंडात मात्र हे प्रकरण पार हाताबाहेर गेलं. तिथे जुनी पद्धत म्हणजे नव्या वर्षापासून लेंट (ईस्टरआधीचा उपासाचा काळ) लागेपर्यंतच्या थंडीत सरदार आपल्या कुळांकडे जेवायला यायचा, ठीक आहे, वर्षातून एखादी रात्र. पुढे सरदारांनी भाडोत्री सैनिक (गॅलोग्लास) पाळले आणि त्यांना पगार द्यायच्या ऐवजी कुळांच्या घरात घुसवायला लागले, याला कॉइन अँड लिव्हरी म्हणत, म्हणजे माणसाला जेवण आणि घोड्याला दाणावैरण. किती दिवस, किती माणसं, काही ठरलेलं नाही, घरात पोरांना उरो न उरो. तिथे स्थायिक झालेल्या इंग्रज वंशाच्या डेस्मंड, ऑरमंडसारख्या घराण्यांनीही हीच पद्धत उचलली. शेवटी १५८५ मध्ये कॉनॉट प्रांतात करार होऊन सरदारांची ही मनमानी वसुली काढून जमिनीच्या दर क्वार्टरमागे (तिथलं जमिनीचं माप) १० शिलिंग वार्षिक सारा इंग्लंडच्या राणीला द्यायचा असं ठरलं.