लायगोचं सदस्यत्व : अर्ज कुणाकडे, पात्रता काय, कागदपत्रं कोणती

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशातली सूक्ष्म थरथर, टिपणारी लायगो-इंडियाची वेधशाळा होणार हे ठरल्यापासून मराठवाड्यातली मुलं हमखास विचारतात, "सर, लायगोचा फॉर्म कुठं मिळतो?" पहिल्यांदाच स्पष्ट सांगतो : एकट्यादुकट्याने भरायचा असा फॉर्म नाही. म्हणून रस्ता बंद आहे असं मात्र समजू नका.

गुरुत्वीय लहरींवर काम करणारी 'लायगो सायंटिफिक कोलॅबरेशन' ही संघटना 1997 साली उभी राहिली. आज तिच्यात जगभरचे 1600हून अधिक संशोधक आहेत. ती व्यक्तींची नसून गटांची आहे. विद्यापीठातला किंवा संस्थेतला गट सदस्य होतो आणि त्या गटाचा प्रमुख आपल्या माणसांची नावं नोंदवतो. पुण्याची खगोलशास्त्र संशोधन संस्था आयुका, आयआयटी मुंबई, मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था (टीआयएफआर) इथले संशोधक या कामात आधीपासून आहेत. त्यामुळे आपला पहिला अर्ज खरं तर अशा एखाद्या गटप्रमुखाकडे जातो.

नवा गट आत यायचा असेल तर त्याला आपण नेमकं कोणतं काम उचलणार ते लेखी मांडावं लागतं, संघटनेपुढे सादरीकरण करावं लागतं आणि मग प्रतिनिधींची परिषद निर्णय घेते. त्यानंतर सामंजस्य करार होतो. त्याला जोडलेल्या कार्ययोजनेत कोण किती टक्के वेळ देणार हे नावानिशी लिहिलेलं असतं आणि दरवर्षी त्याचा आढावा होतो. इथे वेळेला फार किंमत आहे. शोधनिबंधावर लेखक म्हणून नाव यायचं तर संशोधनाचा निदान निम्मा वेळ, वर्षभर तरी, या कामाला दिलेला असावा लागतो. शिवाय आचारसंहिता आणि गोपनीयता पाळावी लागते. 14 सप्टेंबर 2015ला पहिली लहर सापडली, पण जगाला कळलं 11 फेब्रुवारी 2016ला. मधले पाच महिने हजारभर माणसांनी पडताळणी केली आणि अधिकृत घोषणेपर्यंत वाट पाहिली. मला या शोधाइतकंच या शिस्तीचं अप्रूप वाटतं.

पात्रतेचं म्हणाल तर पीएचडीचे विद्यार्थी, पोस्टडॉक (पीएचडीनंतरचे संशोधक), प्राध्यापक, अभियंते हे सगळे गटातून सदस्य होऊ शकतात. पीएचडीसाठी त्या-त्या संस्थेची प्रवेशप्रक्रिया असते. जेस्ट किंवा नेट या पात्रता परीक्षांची तयारी एमएस्सीच्या पहिल्या वर्षापासूनच धरा. महाविद्यालयात शिकवणाऱ्यांना आयुकाची असोशिएटशिप आहे. ती तीन वर्षांची असते, आणि नोकरी न सोडता तिथल्या संशोधकांबरोबर काम करता येतं. पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी अमेरिकेतल्या कॅलटेक या संस्थेचा लायगो सर्फ हा दहा आठवड्यांचा उन्हाळी कार्यक्रम आहे.

अशा उन्हाळी कार्यक्रमांना गुणपत्रकं, बायोडाटा, आपल्याला काय करायचं आहे ते सांगणारं निवेदन आणि शिक्षकांची शिफारसपत्रं लागतात. शिफारसपत्राचं शेवटच्या आठवड्यात सांगू नका, महिनाभर आधी सांगा. आणि ज्यांनी तुमचं काम जवळून पाहिलंय त्यांच्याकडूनच घ्या. प्राचार्यांच्या लेटरहेडवरच्या चार गोड ओळींपेक्षा प्रॅक्टिकलच्या सरांनी मनापासून लिहिलेलं एक पान कितीतरी उपयोगी पडतं.

गटप्रमुखाला पत्र लिहाल तेव्हा मात्र सोबत एक गोष्ट जोडाच. लायगोच्या निरीक्षणांची माहिती ग्रॅव्हिटेशनल वेव्ह ओपन सायन्स सेंटर या संकेतस्थळावर सगळ्यांना मोफत खुली आहे. पहिल्या लहरीच्या वेळची फाइल उतरवून घ्या, पायथॉन या संगणकभाषेत गोंगाट गाळा आणि वारंवारतेचा आलेख काढा. 0.2 सेकंदात 35 हर्ट्झपासून 250 हर्ट्झपर्यंत सर्रकन वर चढत गेलेली रेघ दिसेल. अब्जाहून अधिक वर्षांपूर्वी दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली, त्याची ती खूण, आपल्या घरच्या लॅपटॉपवर! तो आलेख आणि तो काढणारा कोड पत्राला जोडा. कुठं अडलात, कसं सुटलं तेही दोन ओळींत लिहा.

पायथॉन येत नसेल तर ग्रॅव्हिटी स्पाय या ऑनलाइन उपक्रमापासून सुरुवात करा. तिथे पदवीची अट नाही. उपकरणातल्या खोट्या खडखडाटाची चित्रं बघून त्यांचे प्रकार ओळखायचे असतात. एका प्रकाराचा आकार माशासारखा दिसतो, म्हणून त्याचं नावच 'कोई फिश' आहे. आठवीतल्या मुलालाही तो ओळखता येतो.