आयक्यूएसी की मालवीय मिशन केंद्र: प्राध्यापकाने कुठलं काम कुठे न्यायचं

नव्याने रुजू झालेला सहायक प्राध्यापक 'ओरिएंटेशनला (नव्या प्राध्यापकांच्या प्रशिक्षणाला) नंबर कधी लागेल?' हे विचारायला कॉलेजच्या आयक्यूएसीच्या, म्हणजे अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाच्या, समन्वयकाकडे जातो. काही वर्षांनी तोच 'कॅसच्या (पदोन्नती योजनेच्या) फाईलला हा कोर्स चालेल ना?' असा फोन कोर्स घेणाऱ्या मालवीय मिशन केंद्राला करतो. दोन्ही वेळा दार चुकलेलं असतं. दोष त्याचा नाही. दोन्हीकडे एफडीपी, म्हणजे प्राध्यापकांचे छोटे प्रशिक्षण कार्यक्रम, होतात, दोन्हीकडे प्रमाणपत्रं मिळतात आणि दोन्हीकडच्या फलकावर 'गुणवत्ता' हा शब्द असतो.

1986च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) निवडक विद्यापीठांत अकॅडेमिक स्टाफ कॉलेजं काढली. पुढे त्यांचं नाव एचआरडीसी (मनुष्यबळ विकास केंद्र) झालं आणि 2023पासून मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्र. ज्येष्ठ मंडळी अजून 'एएससी'च म्हणतात. पुणे, मुंबई, नागपूर, अमरावती, छत्रपती संभाजीनगर आणि गोवा इथल्या विद्यापीठांत ही केंद्रं आहेत. मनुष्यबळ बेताचं: संचालक, एखाद-दुसरा उपसंचालक किंवा सहायक संचालक आणि कार्यालयातले कर्मचारी. रिफ्रेशरला, म्हणजे विषयाच्या उजळणी कोर्सला, त्या विषयाचा विद्यापीठातला प्राध्यापक कोर्स समन्वयक होतो, साधनव्यक्ती ठिकठिकाणांहून येतात. म्हणजे इथली माणसं शिकवणं शिकवतात, पण तुमचं कॉलेज, तुमचा वर्ग, तुमची सेवापुस्तिका त्यांना ठाऊक नसते.

आयक्यूएसी हा कक्ष नॅकच्या, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या, व्यवस्थेतून आला आणि तो प्रत्येक मूल्यांकित कॉलेजात असतो. अध्यक्ष प्राचार्य. समन्वयक तुमच्यासारखाच तास घेणारा प्राध्यापक, वर हा अतिरिक्त कार्यभार. तिमाहीत किमान एक बैठक, वर्षाला एक्यूएआर (वार्षिक गुणवत्ता अहवाल), विद्यार्थ्यांचे अभिप्राय आणि कागद, कागद, कागद. यूजीसीच्या 2018च्या नियमावलीने पदोन्नतीच्या कामात याच कक्षाला नोंदी आणि दस्तऐवज सांभाळण्याची जबाबदारी दिली. महाराष्ट्र शासनाने 8 मार्च 2019च्या शासन निर्णयाने ती नियमावली लागू केली. त्यामुळे स्थाननिश्चितीची, म्हणजे कॅसची, फाईल समन्वयकाच्या टेबलावरून गेल्याशिवाय पुढे सरकत नाही.

फाईल अडते ती बहुतेकदा दिवसांच्या हिशोबावर. वेतनाच्या लेव्हल 10वरून 11ला जायचं तर अध्यापनपद्धतीवरचं 21 दिवसांचं ओरिएंटेशन लागतं. चार पाच-पाच दिवसांच्या एफडीपी जोडल्या की झालं, हा समज स्टाफरूममध्ये फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. ती जोडाजोड पुढच्या टप्प्यावर चालते: लेव्हल 11वरून 12ला दहा दिवसांच्या एका कोर्सऐवजी पाच-पाच दिवसांचे दोन चालतात. ओरिएंटेशनच्या जागी मात्र चालत नाहीत. दुसरी चूक तारखांची. कोर्स मूल्यमापनाच्या कालावधीतच झालेला हवा. एका पदोन्नतीला वापरलेलं प्रमाणपत्र पुढच्या फाईलला पुन्हा लावलं की छाननी समिती ते बाजूला काढते. एकदिवसीय वेबिनारांची जाडजूड चळत जोडणाऱ्यांबद्दल काय बोलावं? ती फाईलचं वजन वाढवते, एवढंच.

जुनी प्रमाणपत्रं वाचताना एक लक्षात ठेवावं. स्टाफ कॉलेजच्या काळात ओरिएंटेशन चार आठवड्यांचं होतं, 24 कामाचे दिवस आणि 144 तास. रिफ्रेशर तीन आठवड्यांचा, 18 दिवस आणि 108 तास. नंतर मुदती कमी झाल्या. नव्या समन्वयकाला जुनं प्रमाणपत्र विचित्र वाटतं ते यामुळे, त्यात खोट काही नसते.

आता केंद्रात शिकवणं कसं शिकवतात ते. तिथला सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात वाया घालवला जाणारा भाग म्हणजे सूक्ष्म अध्यापन. पाच-सात मिनिटं, एकच कौशल्य: प्रश्न विचारणं, उदाहरण देणं, फळा वापरणं, नाहीतर समारोप करणं. लोक काय करतात? पन्नास मिनिटांचा तास सात मिनिटांत कोंबतात, पंचवीस स्लाइड पळवतात आणि 'वेळ कमी पडला' म्हणतात. वेळ मुद्दाम कमी ठेवलेला असतो. प्रश्न विचारण्याचं कौशल्य निवडलं असेल तर दोन प्रश्न पुरतात. प्रश्नानंतर किती सेकंद थांबलात, त्याच एका हुशार सहभागीकडे पुन्हा वळलात का, हे सहकारी टिपून देतात. त्या टिपणावरून तोच भाग पुन्हा घ्यायचा. हा दुसरा फेरा वेळापत्रकात आहे का, हे बघून कोर्सचा कस कळतो. ऑनलाइन कोर्सात तो सहसा आधी गळतो.

कॉलेजची आयक्यूएसी स्वतः पाच दिवसांची एफडीपी घेते तेव्हा तिचं लक्ष साहजिकच नॅकच्या सहाव्या निकषाकडे (कारभार, नेतृत्व आणि व्यवस्थापन) असतं. माहितीपत्रक, तासनिहाय वेळापत्रक, सकाळ-दुपार दोन्ही सत्रांच्या सह्या, जिओटॅग केलेले फोटो, अभिप्राय, अहवाल आणि क्रमांक घातलेली प्रमाणपत्रं, हे सगळं जमलं की कार्यक्रम कागदावर उभा राहतो. रोज संध्याकाळी तासभर गूगल मीट असे पाच दिवस ओढले तर मात्र छाननीत प्रश्न उठतो, आणि उठायलाच हवा.

खरी पोकळी या दोघांच्या मधे आहे. तुमच्या वर्गात काय बिघडतंय त्याचा पुरावा, म्हणजे विद्यार्थ्यांचे अभिप्राय, आयक्यूएसीकडे असतो. दुरुस्ती शिकवणारी माणसं केंद्राकडे. दोघांची गाठ पडत नाही. अभिप्रायाची सरासरी काढून आलेख अहवालात चिकटवला जातो आणि रिफ्रेशरचा विषय जागा कुठे रिकामी आहे ते बघून निवडला जातो. त्यापेक्षा अर्ज करण्याआधी समन्वयकाकडून आपले अभिप्राय प्रश्ननिहाय मागून घ्यावेत. 'प्रश्न विचारायला वाव मिळतो का' या ओळीवर गुण सतत खाली असतील, तर सूक्ष्म अध्यापनासाठी कोणतं कौशल्य निवडायचं हे तिथेच ठरतं.

कागदांचा क्रम असा. जाहिरात आणि वेळापत्रक केंद्राच्या संकेतस्थळावर पाहायचं, ना-हरकत आणि कर्तव्य रजा प्राचार्यांकडून घ्यायची, आणि मंजुरीचं पत्र हातात आल्यावरच कोर्सला हजर व्हायचं. आधी कोर्स आणि मागाहून रजा केली तर सहसंचालक कार्यालयात वेतननिश्चितीच्या वेळी तो गुंता सुटता सुटत नाही. परतल्यावर रुजू अहवाल आस्थापना विभागात, आणि प्रमाणपत्राची प्रत त्याच आठवड्यात आयक्यूएसीत. कॅसचा अर्ज देय तारखेच्या तीन महिने आधी करता येतो. तोवर प्रमाणपत्र कपाटात कुठेतरी दडलेलं असलं, तर केंद्राला फोन करून दुसरी प्रत मागवण्यात ते तीन महिने जातात.