न दुखणारी गाठ

“दुखत नाही ना, तं कायले जाव दवाखान्यात?” मानेत गाठ आलेल्या माणसाचं हे उत्तर यवतमाळ-गडचिरोलीकडे नवीन नाही. कपाशीची वेचणी आटोपली की बघू म्हणता म्हणता हंगाम निघून जातो. खरं तर दुखरी, अचानक आलेली गाठ बहुतेकदा दात, टॉन्सिल किंवा डोक्यातल्या फोडामुळे आलेली असते आणि आपोआप उतरते. न दुखता हळूहळू वाढणारी टणक गाठच जास्त काळजीची. दोन-तीन आठवड्यांत ती उतरली नाही, तर दाखवावीच.

दाखवली की डॉक्टर बऱ्याचदा सोनोग्राफी लिहून देतात. आपल्याकडे सोनोग्राफी म्हणजे गरोदर बाईची, हे इतकं पक्कं डोक्यात बसलंय की चिठ्ठी हातात पडताच एखाद्या मिशाळ गड्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

तपासणीत खांद्याखाली उशी देतात, म्हणजे मान ताणली जाते. मग गार जेल लावतात. हवेच्या पातळ थरावरूनही ध्वनिलहरी जवळपास सगळ्या परत फिरतात, म्हणून प्रोब (कातडीवर फिरवतात ते हातातलं यंत्र) आणि कातडीमधली हवा जेलनं घालवायची. पोटासाठी साधारण 2 ते 5 मेगाहर्ट्झच्या लहरी वापरतात, मानेसाठी 7 ते 15 च्या. या लहरी खोल जात नाहीत, पण मानेतलं बरंचसं सामान कातडीखाली तीन-चार सेंटिमीटरच्या आतच असतं आणि तिथलं त्या मिलिमीटरपर्यंत बारीक दाखवतात. त्यासाठी सपाट तोंडाचा लिनियर प्रोब लागतो. लहान गावातल्या केंद्रात तो असेलच असं नाही, तेव्हा आधी विचारून जावं.

गाठ केवढी, हेच सगळे विचारतात. पण तिचा आकार कसा आणि आत काय, हे जास्त बोलकं. मानेतली गाठ बऱ्याचदा सुजलेली लसिकाग्रंथी, म्हणजे संसर्गाशी लढणारी छोटी ग्रंथी असते. निरोगी लसिकाग्रंथी वालाच्या दाण्यासारखी लांबट असते आणि तिच्या मधोमध चरबीचा पांढरा पट्टा दिसतो. रक्तवाहिन्या तिथूनच आत शिरतात. क्षयाच्या गाठी, म्हणजे गंडमाळ, बऱ्याचदा एकमेकींना चिकटलेल्या असतात आणि मधला भाग विरघळून काळा दिसतो. कर्करोग उतरलेली ग्रंथी गोल होत जाते, पांढरा पट्टा पुसला जातो आणि डॉपलर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफीतलीच सोय) लावला की रक्त कडेकडेनं शिरताना दिसतं. खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खाणाऱ्याच्या मानेत अशी गाठ दिसली की चांगला डॉक्टर टॉर्च घेऊन आधी तोंड उघडायला लावतो. गाठ मानेत असली तरी मूळ गालाच्या आत किंवा जिभेच्या कडेला असू शकतं, आणि ते सोनोग्राफीत सहसा सापडत नाही.

गिळताना वरखाली होणारी गाठ बहुधा थायरॉइडची. अशा गाठी बायकांमध्ये फार आढळतात आणि बहुतेक निरुपद्रवी निघतात. आत नुसतं पाणी असेल तर चिंता नाही. भरीव, काळपट, रुंदीपेक्षा उंच आणि आत पांढरे बारीक ठिपके असलेली गाठ मात्र सोडायची नाही.

तरीही नुसत्या चित्रावर निकाल लावता येत नाही. क्षय आणि कर्करोग कधीकधी सारखेच दिसतात. मग पडद्यावर बघत बघत बारीक सुई नेमकी संशयाच्या जागी घालतात. पेशी सूक्ष्मदर्शकाखाली जातात आणि क्षयाची शंका असेल तर नमुना सीबीनॅटला, म्हणजे क्षयाचे जंतू शोधणाऱ्या चाचणीला. नागपूरच्या मेडिकलमध्ये (सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात) किंवा सेवाग्रामच्या रुग्णालयात ही सोय आहे. सुई टोचली की कर्करोग पसरतो, ही भीती पुष्कळांच्या मनात असते. या बारीक सुईनं तसं होण्याची शक्यता नगण्य असते.

त्याआधी गाठीवर बिब्बा लावू नये आणि ती चिरून घेऊ नये. क्षयाची गाठ चिरली तर जखम महिनोन् महिने वाहत राहते. सरकारी दवाखान्यात क्षयाची औषधं मोफत मिळतात, उपचार साधारण सहा महिन्यांचा असतो. मधेच एखादी गाठ वाढते किंवा नवी येते, आणि औषध लागू पडत नाही असं समजून लोक गोळ्या सोडतात. औषध काम करत असतानाही हे घडू शकतं. गोळ्या चालू ठेवून डॉक्टरांना दाखवावं. सोनोग्राफीत क्ष-किरण नसल्यामुळे ती पुन्हा करायलाही हरकत नसते.