२० सेंटिमीटरच्या लोखंडी पॅनमध्ये स्पॅनिश तोर्तिया

नमस्कार.

तुम्ही घेतलेला पॅन लोखंडी पत्र्याचा आहे, बिडाचा नाही. दुकानात या पॅनबद्दल एक प्रश्न सारखा येतो: "एवढा लहान आणि खोल पॅन कशाला? यात धड घावन होत नाही, धड डोसा होत नाही." खरं आहे. २० सेंटिमीटर व्यास आणि ५ सेंटिमीटर उंच काठ हे माप आम्ही एकाच पदार्थासाठी धरलं होतं. लोकांनी त्यात भुर्जी, फोडणी, अंडा हाफ फ्राय असं बरंच काही सुरू केलं, ते उत्तमच. पण ज्याच्यासाठी हा पॅन केला तो पदार्थ एकदा करून बघा, म्हणून हे पत्रक.

पदार्थाचं नाव तोर्तिया दे पातातास. बटाटा, अंडी, तेल, मीठ, झालंच तर कांदा. मेक्सिकोत मक्याच्या पिठाची जी पातळ पोळी असते तिलाही तोर्तियाच म्हणतात, पण दोघींचा नावापलीकडे संबंध नाही. स्पेनमधली तोर्तिया म्हणजे चांगली दीड इंच जाड, बटाट्याने भरलेली अंड्याची वडी. तिथल्या बारमध्ये ती सकाळपासून काउंटरवर मांडलेली असते. तिचा त्रिकोणी तुकडा पावाच्या कापासोबत देतात. कुणी तो कॉफीबरोबर खातं, कुणी दुपारी बिअरच्या छोट्या ग्लासाबरोबर. पेयाबरोबरच्या अशा लहानशा खाण्याला तापास म्हणतात. ग्रानादा शहरात तर पेय मागवलं की तापा बहुतेक ठिकाणी फुकट येतो. तोर्तिया गरमच खायला हवी असंही नाही. उलट तासाभराने, कोमट झाल्यावर ती जास्त चांगली लागते. म्हणून पाहुणे यायच्या आधी करून ठेवायला सोयीची.

बटाटा युरोपात आला तो दक्षिण अमेरिकेतून, सोळाव्या शतकात. आपल्याकडे तो पोर्तुगीजांनी आणला आणि 'बटाटा' हा शब्दही त्यांचाच. या पदार्थाचा एक जुना लेखी पुरावा १८१७चा आहे. स्पेनमधल्या नवारा प्रांताच्या सभेकडे केलेल्या एका अर्जात गरीब शेतकऱ्यांच्या खाण्याचं वर्णन येतं: पाचसहा माणसांना दोनतीनच अंडी, पण बायका त्यात बटाटा, पावाचा चुरा असं काहीबाही मिसळून जाडजूड तोर्तिया करतात. थोडक्यात, पुरवठ्याला आणायची वस्तू. आज अंडी परवडतात म्हणून आपण सढळ हाताने घालतो, एवढाच फरक.

आधी पॅन तयार करा

पॅनवर येताना गंज धरू नये म्हणून तेलाचा हात दिलेला असतो. तो साबणाच्या गरम पाण्याने एकदाच नीट काढा. पॅन गॅसवर पूर्ण कोरडा करा. मग तेलाचे दोन थेंब फडक्याने सगळीकडे पुसून घ्या, इतके पुसा की तेल लावलंय असं वाटू नये, आणि धूर येईपर्यंत तापवा. गार झाला की पुन्हा. असं चार वेळा. तेल जाड लावलं तर चिकट थर बसतो आणि मग सगळंच चिकटतं. बहुतेक तक्रारी इथल्याच असतात. शेवटी अर्धा चिरलेला कांदा काट्याला टोचून, तेलात बुडवून पॅनभर फिरवा. धिरड्याच्या तव्याला घरोघरी करतात तेच. पहिल्याच दिवशी तोर्तियाला हात घालू नका. आठवडाभर भुर्जी करा, पॅन काळा पडू द्या.

साहित्य

बटाटे अर्धा किलो, जुने. नवीन पातळ सालीच्या बटाट्यात पाणी फार. अंडी ६. स्पॅनिश कृतीत ५ लिहिलेली असतील तरी आपण ६ घ्यावी, कारण तिकडचं मोठं अंडं ६३ ते ७३ ग्रॅमचं असतं, आपलं साधारण ५०-५५चं. कांदा १ मोठा. तेल ३०० मिली. मीठ.

तेलाचा आकडा वाचून दचकू नका, त्यातलं बरंचसं परत मिळतं. स्पेनमध्ये अर्थातच ऑलिव्हचं तेल घेतात, जगात सर्वांत जास्त ते तिथंच होतं. आपल्याकडे ३०० मिली ऑलिव्ह तेल ओतायला हात धजावत नाही, तर अर्धं ऑलिव्ह आणि अर्धं सूर्यफूल घ्या. शेंगदाणा तेलातही होते, पण मग चव बटाट्याच्या काचऱ्यांकडे झुकते. आम्हाला ती आवडते, स्पॅनिश माणसाला आवडेल असं सांगता येत नाही.

कांदा घालायचा की नाही यावर स्पेनमध्ये दोन तट आहेत आणि दोन्ही बाजूंचे लोक खरोखर तावातावाने भांडतात. आम्ही कांदेवाले. आपला लाल कांदा तिखट असतो, म्हणून त्याला वेळ द्या.

कृती

बटाटे सोलून काचऱ्यांना करतो तसे पातळ चिरा, पण सगळे एकसारखेच हवेत असं नाही. काही जाड, काही मोडके राहिले तर खाताना बरं लागतं. चिरल्यावर पाण्यात टाकू नका, वरचा स्टार्च तोर्तियाला धरून ठेवतो. मीठ लावून घ्या.

तेल कढईत तापवा, पॅनमध्ये नको, एवढा ऐवज त्यात मावत नाही. आता सगळ्यात महत्त्वाचं: बटाटा तळायचा नाही, तेलात शिजवायचा. एक चकती टाकून बघा. तिच्याभोवती बारीक बुडबुडे हळूहळू यायला हवेत. चुरचुर असा आवाज आला तर गॅस मोठा आहे. बटाटा आणि कांदा एकदमच घाला, मंद आचेवर २० ते २५ मिनिटं ठेवा, अधूनमधून हलक्या हाताने खालीवर करा. कडा लाल व्हायला लागल्या तर आच आणखी कमी. झाऱ्याने दाबल्यावर चकती आवाज न करता मोडली की झालं. आपल्या हाताला कुरकुरीत काचऱ्यांची सवय असते, त्यामुळे इथे गॅस वाढवायचा मोह प्रत्येकाला होतो. कुरकुरीत बटाटा अंडं शोषत नाही आणि तोर्तिया कापताना सुटून पडते.

सगळं चाळणीवर ओता, खाली पातेलं. निथळलेलं तेल गाळून बाटलीत भरा, पुढच्या तोर्तियाला किंवा उसळीच्या फोडणीला वापरा.

अंडी काट्याने फक्त मोडा, फेस आणू नका. कोमट बटाटे त्यात घालून १० मिनिटं झाकून ठेवा. ही १० मिनिटं गाळू नका. मिश्रण घट्टसर होतं, बटाट्याच्या कडा फुगतात.

पॅन चांगला तापवा, चमचाभर तेल फिरवा, मिश्रण ओता. पहिलं अर्धं मिनिट कडेचं आत ओढत राहा, मग आच मंद करा. ३-४ मिनिटांनी पॅन हलवून बघा. तोर्तिया पॅनमध्ये अख्खी सरकायला हवी. सरकत नसेल तर उलटायची घाई नको, उलथन्याने कड सोडवा.

उलटणं

पॅनपेक्षा दोन बोटं मोठी, सपाट डिश घ्या. आपली काठाची ताटली चालत नाही, परत सरकवताना काठ आडवा येतो. स्पेनमध्ये यासाठी मुठीची सपाट झाकणं विकत मिळतात. गॅस बंद करा, सिंकवर जा, हाताला फडकं गुंडाळा, कारण कडेने गरम तेल ओघळतंच. डिश पॅनवर घट्ट दाबून एका दमात उलटा. अर्ध्यात थांबलात की गेली. आमच्या घरी पहिल्या वेळी डिश पॅनहून बोटभर लहान निघाली आणि अर्धी तोर्तिया बर्नरवर. बर्नरची भोकं टाचणीने साफ करण्यात रविवार गेला.

डिशवरून तोर्तिया परत पॅनमध्ये सरकवा, उलथन्याने कडा आत दाबून गोल करा, २-३ मिनिटं ठेवा. वायव्य स्पेनच्या गालिसियातल्या बेतान्सोस गावची तोर्तिया कापली की आतून अंडं वाहतं आणि तिचे चाहते पुष्कळ आहेत. पण लहान मुलं, वयस्कर माणसं किंवा गरोदर बाई खाणार असेल तर आतपर्यंत घट्ट होऊ द्या. स्पेन सरकारनेही १९९१मध्ये हॉटेलांसाठी नियम केला होता: कच्चं अंडं वापरून पदार्थ करायचा असेल तर मध्यभागी ७५ अंश सेल्सिअस तापमान गाठलं पाहिजे.

अंडी न खाणारे ग्राहक विचारतात. स्पेनमध्ये यादवी युद्धाच्या सुमाराच्या टंचाईत अंड्याऐवजी पीठ आणि पाणी, बटाट्याऐवजी संत्र्याच्या सालीचा भिजवलेला पांढरा भाग घालून तोर्तिया करायची कृती छापली गेली होती. तेवढं करायची गरज नाही. तिथले व्हीगन लोक हल्ली हरभऱ्याचं पीठ भिजवून त्यात बटाटे घालतात. आता याला आपण जाड धिरडंच म्हणू, पण या पॅनमध्ये छान होतं.

आणि अगदीच वेळ नसेल तर फेरान आद्रिया या नामांकित स्पॅनिश शेफची युक्ती: फेटलेल्या अंड्यात खारे बटाटा वेफर्स चुरून मऊ होईपर्यंत भिजू द्यायचे, मग तशीच तोर्तिया. मीठ वेगळं घालू नका.

झाल्यावर

तोर्तिया लगेच डिशमध्ये काढा, पॅनमध्ये ठेवून देऊ नका, लोखंडाची चव उतरते. पॅन गरम पाण्याने धुवा, गॅसवर वाळवा, तेलाचा हात फिरवा. रात्रभर सिंकमध्ये भिजत टाकू नका, त्यात टोमॅटो किंवा चिंचेचं काही शिजवू नका.

गंजला तर फेकू नका. दुकानात आणा, आम्ही घासून, तेल मुरवून परत देतो, त्याचे पैसे घेत नाही. फक्त आत चिकटलेली तोर्तिया असेल तर तेवढी घरी काढून या.