कोल्हापूरचा ओतकाम उद्योग

लोखंड वितळवून साच्यात ओतणे आणि तयार झालेल्या ओतिवावर यंत्रकाम करणे, हा कोल्हापूर शहर व परिसरातील प्रमुख उद्योग. शहरातले शिवाजी उद्यमनगर हे त्याचे जुने ठाणे. पुढे तो शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले या औद्योगिक वसाहतींत पसरला. बोलण्यात ‘फाउंड्री’ हाच शब्द आहे. ‘ओतशाळा’ फक्त पुस्तकात सापडते.

१८९१ मध्ये मिरजेहून रेल्वे आली. शाहू महाराजांच्या काळात शाहूपुरीची गुळाची पेठ वसली आणि १९०६ मध्ये शाहू मिल ही कापडगिरणी उभी राहिली. तरी फाउंड्रीचे मूळ गिरणीपेक्षा उसात शोधावे लागते. उसाला नदी-विहिरीचे पाणी उपसायचे, गुऱ्हाळावर चरक फिरवायचा, दोन्हींना इंजिन हवे. परदेशी इंजिने दुरुस्त करता करता इथल्या मिस्त्रींनी ती खोलून पाहिली, भागांचे लाकडी पॅटर्न, म्हणजे साचा घ्यायचे नमुने, काढले आणि पुढे अख्खे ऑइल इंजिनच बनवू लागले. १९१८ च्या सुमारास बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा बनवला तोही याच गावात. हात चालवून शिकण्याची ही खोड जुनीच म्हणायची.

शेतावर वीज पोहोचली तशी ऑइल इंजिनाची मागणी ओसरली. फाउंड्र्या मात्र टिकल्या, त्या मोटारी व ट्रॅक्टरच्या सुट्या भागांवर. फरक असा, की पूर्वी इंजिनावर कोल्हापूरच्या कारखान्याची पाटी असे; आताचा भाग दुसऱ्याच्या गाडीत बसतो आणि कुणाला दिसत नाही.

साच्याची वाळू साधी नसते. तीत बेंटोनाइट नावाची चिकट माती, कोळशाची भुकटी आणि बेताचे पाणी मिसळतात. मुरलेला कामगार ती मुठीत दाबून मोडतो आणि कडा नीट तुटली की नाही ते बघतो. पाणी जास्त झाले तर वाफ कोंडून ओतिवात भोके पडतात आणि तो नग भंगारात जातो. कोकवर चालणाऱ्या क्युपोला भट्ट्यांच्या जागी बहुतेक ठिकाणी विजेच्या इंडक्शन भट्ट्या आल्या. धूर कमी झाला, विजेचे बिल वाढले. सुमारे १४०० अंशांचा रस ओतणाऱ्या माणसाचा घाम मात्र तेवढाच आहे.

शाहू मिल २००३ मध्ये बंद पडली. उद्यमनगरभोवती आता दाट वस्ती झाली असून मोठे काम वसाहतींत गेले आहे. गल्ल्यांत उरले ते लेथ, वेल्डिंग आणि जॉबवर्क. एखादा जुना पंप घेऊन शेतकरी आजही तिथेच येतो.