एलईडी टीव्हीवर बदक का मरत नाही?

चवथीच्या आधी घर झाडायला काढलं की माळ्यावरून काय खाली येईल त्याचा नेम नाही. यंदा माटोळीची (गणपतीच्या डोक्यावर फळं-पानं टांगतात ती) चौकट काढायला मी वर चढलो तर मागे आमचा जुना २१ इंची टीव्ही, आणि त्याच्या डोक्यावर प्लास्टिकच्या पिशवीत ती बंदूक. नव्वदीत ज्यांचं बालपण गेलं त्यांना वेगळं सांगायला नको, व्हिडिओ गेमच्या खोक्यात दोन रिमोट, एक कॅसेट आणि एक बंदूक यायची आणि तिने बदकं मारायची. खोक्यावर नाव समुराई असो की टर्मिनेटर, आत सगळे निन्तेंडो कंपनीच्या फॅमिकॉम या जपानी गेम कन्सोलचे चुलतभाऊ. आमचा सेट काकाने बोटीवरून येताना आणला होता, घरात एखादा तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणारा, असणं ही त्या काळी गोव्यात मोठी इस्टेट.

भाच्याने बंदूक पुसली, कन्सोल हॉलमधल्या ४३ इंची एलईडीला जोडला, चित्र आलं, बदकं उडाली, आणि त्याने नळी अगदी पडद्याला टेकवून गोळ्या मारल्या तरी एकही बदक पडेना. गवतातून कुत्रा वर आला आणि हसला. भाच्याचं निदान: "मामा, बंदुकीतला लेझर गेलाय."

लेझर गेला नव्हता, तिच्यात लेझर कधी नव्हताच. पण पोराला दोष कसा देणार, मीही दहावीपर्यंत हेच समजत होतो की चाप ओढला की बंदुकीतून काहीतरी किरण निघतो आणि टीव्हीत घुसतो. आजीचं तर ठाम मत होतं की त्या किरणाने पिक्चर ट्यूब जळते, त्यामुळे ऐन मॅचमध्ये टीव्ही बंद पडला की आरोपी ठरलेला.

खरं तर त्या बंदुकीतून काहीच बाहेर जात नाही, उलट टीव्हीतून तिच्यात येतं. नळीच्या आत एक छोटं भिंग आणि त्याच्या मागे एक प्रकाश ओळखणारा सुटा भाग. बंदुकीच्या आकाराचा डोळा म्हणा, आणि तोही असा डोळा की ज्याला फक्त 'दिसला' किंवा 'नाही दिसला' एवढंच सांगता येतं.

गंमत म्हणजे सुरुवात उलटी झाली होती. १९३६ साली अमेरिकेत सीबर्ग नावाच्या कंपनीने (ज्यूकबॉक्सवाली तीच) रे-ओ-लाइट म्हणून एक खेळ आणला, त्यात बंदुकीत दिवा होता आणि प्रकाश ओळखणारी ट्यूब बदकात होती. म्हणजे आपल्या बोडगेश्वराच्या जत्रेत फुगे फोडतात तसंच सरळ, इकडून मारायचं आणि तिकडे लागायचं. १९७० च्या सुमाराला निन्तेंडोनेसुद्धा अशीच प्रकाश फेकणारी खेळण्यातली बंदूक विकली, तिच्या निशाण्यात शार्प कंपनीचे सोलर सेल होते. पण टीव्हीवरच्या बदकात सेल कुठे बसवणार? म्हणून अक्कल फिरवली, निशाणा चमकवायचा आणि बंदुकीने बघायचं. १९७२ चा मॅग्नाव्हॉक्स ओडिसी हा घरात खेळायचा पहिला कन्सोल, त्याची रायफल अशीच होती, फक्त ती इतकी भोळी की खोलीतल्या दिव्यावर नेम धरला तरी 'लागला' म्हणायची.

निन्तेंडोने १९८४ मध्ये डक हंट, म्हणजे हाच आमचा बदकांचा खेळ, काढला तेव्हा हे दिव्याचं भोक बुजवलं, आणि कसं बुजवलं ते माझं सगळ्यात लाडकं प्रकरण आहे, त्यामुळे इथे जरा वेळ काढणार आहे.

तुम्ही चाप ओढता. कन्सोल पुढचं एक चित्र पूर्ण काळं काढतो. त्याच्या पुढच्या चित्रात सगळं काळं आणि बदकाच्या जागी फक्त एक पांढरा चौकोन. दोन बदकं असतील तर आधी पहिल्याचा चौकोन, मग पुढच्या चित्रात दुसऱ्याचा. आपल्याकडच्या पाल (PAL) या टीव्ही प्रक्षेपणाच्या पद्धतीत सेकंदाला ५० चित्रं, म्हणजे दोन बदकांची ही चौकशी ६० मिलिसेकंदात संपते, आपल्याला फक्त टीव्ही लपकल्यासारखा वाटतो. आता काळ्या चित्राच्या वेळी बंदुकीला उजेड दिसला तर तो बाहेरचा उजेड, गोळी बाद. काळ्यात काही नाही आणि पहिल्या चौकोनात दिसला तर पहिलं बदक मेलं, दुसऱ्यात दिसला तर दुसरं. कन्सोलला 'कुठे' हे विचारावंच लागत नाही, 'कधी' दिसला त्यावरून 'कोण' ते कळतं.

पण यात एक गोष्ट गृहीत धरली आहे, ती म्हणजे टीव्ही चित्र सांगितल्या क्षणी दाखवतो. जुना पिक्चर ट्यूबवाला टीव्ही हे अक्षरशः पाळायचा. त्याच्या मागच्या बाजूला इलेक्ट्रॉनची तोफ असते (म्हणजे घरात खरी गन एकच आणि ती टीव्हीत), रंगीत टीव्हीत साधारण २५ हजार व्होल्टच्या ओढीने इलेक्ट्रॉन सुटतात, प्रकाशाच्या वेगाच्या तीस टक्के वेगाने काचेवरच्या फॉस्फरच्या लेपावर आपटतात आणि तो ठिपका चमकतो. बाहेरच्या कॉइलींचं चुंबकत्व तो झोत डावीकडून उजवीकडे नेतं, एक रेघ झाली की परत डावीकडे, थोडं खाली, पुढची रेघ, आमच्याकडे भाताची रोपं लावतात तसं ओळीने. एका रेघेला ६४ मायक्रोसेकंद, त्यातले दिसणारे ५२. आमच्या २१ इंचीचा पडदा साधारण ४० सेंटिमीटर रुंद, भागाकार करा, तो ठिपका काचेवरून सेकंदाला पावणेआठ किलोमीटर पळतोय, जवळजवळ अंतराळ स्थानकाच्या वेगाने. पणजीहून मडगाव चार सेकंदांत, झुआरी पुलावर ट्रॅफिक असो वा नसो.

आणि फॉस्फर चमकून लगेच मंद होतो, त्यामुळे कुठल्याही एका क्षणी टीव्हीवर पूर्ण चित्र नसतंच! एक झगझगीत ठिपका आणि त्याच्यामागे विझत जाणारी शेपटी, बाकी जवळपास अंधार, ती दूरदर्शनवरची रविवारची अख्खी संध्याकाळ आपल्या डोळ्याने आणि मेंदूने शिवून काढलेली होती. खोटं वाटत असेल तर अजून कुणाकडे असा टीव्ही असेल तिथे मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये शूट करून बघा.

पुढची पायरी जरा अवघड आहे. बंदूक पडद्याच्या लहानशा तुकड्याकडे बघते, त्या तुकड्यातून दर ६४ मायक्रोसेकंदाला एक रेघ जाते, म्हणजे तिला एकसलग उजेड दिसतच नाही, टक टक टक अशा ठिणग्या दिसतात, सेकंदाला १५,६२५ या गतीने. आत एक फिल्टर सर्किट असतं, रेडिओचं स्टेशन लावतात तसं या गतीच्या आसपास ट्यून केलेलं. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवरचा बल्ब सेकंदाला १०० वेळा किंचित कमी-जास्त होतो, खिडकीतलं ऊन तर लपकतच नाही, त्यामुळे दोघांचाही उजेड फिल्टर पुढे सोडत नाही. म्हणजे दिव्यावर नेम धरणाऱ्या चोराला दोन कुलपं, एक काळं चित्र आणि दुसरा हा फिल्टर. बंदूक उजेड बघत नाही, टीव्हीची चाल ओळखते.

आता एलईडी टीव्ही का हरतो ते कळलं असेल. त्यात झोत नाही, रेघेरेघेने लपकणं नाही, मागचा दिवा सतत चालू, त्यामुळे त्या गतीची टकटक नाही आणि फिल्टर गप्प. वर तो टीव्ही आलेलं चित्र आधी साठवतो, ताणून मोठं करतो, सुधारतो आणि मग दाखवतो, तोपर्यंत कन्सोलची चौकशी आटपून निकालही लागलेला असतो. पिक्चर ट्यूबच्या शेवटच्या काळात महागडे १०० हर्ट्झवाले टीव्ही आले होते, त्यांच्यावरही ही बंदूक चालत नव्हती, कारण तेही चित्र साठवून दुप्पट वेगाने काढायचे.

जुना टीव्ही खाली आणला तसा व्हॉट्सअपवर फोटो गेला आणि एका नातेवाईकाचा लगेच फोन, "विकू नको रे, आत रेड मर्क्युरी असते, लाखो मिळतात." ही अफवा फिरून फिरून येते, कधी टीव्ही, कधी रेडिओ, २००९ साली सौदीत तर शिलाई मशिनींवरून हाच गोंधळ झाला होता. ओळखायची परीक्षा काय, तर म्हणे लसूण जवळ नेली की ते लांब पळतं आणि आरशात दिसत नाही. हे भुताचं वर्णन झालं, धातूचं नव्हे. टीव्हीत असलं काही नसतं, असतो तो शिसं मिसळलेल्या काचेचा निर्वात फुगा आणि प्लग काढल्यावरही आत साठून राहू शकणारे हजारो व्होल्ट, तेव्हा या नादाने कुणी ट्यूब फोडायला बसू नये. दुसऱ्या टोकाला ऑनलाइन 'रेट्रो गेमिंग टीव्ही' म्हणून तोच डबा चढ्या भावाने विकणारे आहेत, त्यांच्याकडे निदान लसूण तरी लागत नाही.

तर मुद्दा बंदुकीच्या खेळांचा. लोक म्हणतात ते खेळ आवडतात ते लहानपणच्या आठवणींमुळे, असेलही, पण मला वाटतं त्यांचा तऱ्हेवाईकपणा त्या 'हो किंवा नाही' मधूनच आला. नेम चुकला की गोळी कुठे गेली हे डक हंटला कळूच शकत नाही, म्हणून त्यात गोळीचं भोक कधी दिसत नाही, मग चुकलात हे सांगायचं कसं, तर कुत्रा हसवा! (घरच्या खेळात त्या कुत्र्याला गोळी लागत नाही, पैसे टाकून खेळायच्या मशिनवर मात्र बोनसमध्ये लागायची. काही जणांना हे वाचून आत्ता बरं वाटलं असेल.) आणि एक बदकवाल्या खेळात दुसरा रिमोट हातात घेतला तर बदक आपण उडवू शकतो, हे आम्हाला कित्येक वर्षं माहीत नव्हतं, नाहीतर घरात मारामाऱ्या झाल्या असत्या.

याच बंदुकीच्या होगन्स ॲली या खेळात हवेत फेकलेले डबे गोळ्या मारमारून वरच तरंगत ठेवायचे आणि नेमके फळीवर उतरवायचे. सगळ्यात कडी म्हणजे १९८६ चा गमशू. त्यात एक गुप्तहेर आपला चालतच असतो, थांबत नाही, आणि त्याला उडी मारायला लावायची तर त्याच्यावरच गोळी झाडायची! हिरोला गोळी घातली की तो वाचतो. कागदावर वेडेपणा आहे, पण विचार करा, बंदूक फक्त 'हो' म्हणू शकते, तर त्या 'हो'चा अर्थ 'मेला' असाच का घ्यायचा, 'उडी मार' असा घेतला तर? ज्याने हे पहिल्यांदा सुचवलं त्याच्या कल्पकतेला दाद द्यावीशी वाटते, खेळ महाकठीण होता ते सोडा.

पुढे हुशार बंदुका आल्या. सेगाची लाइट फेझर, निन्तेंडोची १९९२ ची सुपर स्कोप, मग प्लेस्टेशनची गनकॉन. यांची रीत वेगळी, झोत नळीसमोरून गेला त्या क्षणी टिंग, आणि रेघ सुरू झाल्यापासून किती वेळ झाला ते मोजायचं. एका मायक्रोसेकंदात साधारण पाच ठिपके निघतात, म्हणजे घड्याळाचा काटा हीच मोजपट्टी, वेळ वाचली की जागा मिळाली. गनकॉन तर टीव्हीच्या व्हिडिओ वायरीतूनच एक फाटा घेते, तालाशी ताल जुळवायला. आता काचा फुटू लागल्या, भिंतीला भोकं पडू लागली, सगळं खऱ्यासारखं झालं, आणि माझ्या मते तिथेच बहुतेक खेळ एकसारखे झाले, लपा, उठा, मारा. अपवाद पॉइंट ब्लँकचा, १९९४ चा, ज्यात एक डाव असा की झाडावरून हेलकावे खात एक पान पडतंय आणि तुमच्याकडे गोळी एकच.

निन्तेंडोच्या २००६ च्या वी (Wii) कन्सोलने पडद्याचा नादच सोडला, त्याच्या रिमोटमध्ये इन्फ्रारेड कॅमेरा आहे आणि टीव्हीजवळ ठेवायच्या त्या पट्टीला 'सेन्सर बार' म्हणत असले तरी ती सेन्स काहीच करत नाही, तिच्या दोन टोकांना नुसते इन्फ्रारेड दिवे आहेत. त्यांच्या जागी दोन मेणबत्त्या लावल्या तरी चालतं. समया लावल्या तरी चालायला हरकत नाही, फक्त आईला विचारून.

आमचा २१ इंची मी आणि भावजींनी मिळून जमिनीवर उतरवला, वजन विचारू नका. पुसला, प्लग लावला, मिनिटभर नुसता धूळ तापल्याचा वास, मग गेम दिसू लागला. इतक्यात भाच्याने दोन्ही कानांवर हात ठेवले, "मामा, हा शिट्टी का वाजवतोय?" मी कान पडद्याला लावला, काही नाही. मग लक्षात आलं, कॉइल आणि ते हजारो व्होल्ट तयार करणारा फ्लायबॅक ट्रान्सफॉर्मर रेघेच्याच गतीने किंचित थरथरतात, त्या १५,६२५ हर्ट्झच्या शिट्टीने लहानपणी मला बाहेरच्या खोलीतूनसुद्धा टीव्ही लागल्याचं कळायचं. आता वयामुळे माझे कान तिथपर्यंत पोचत नाहीत. बंदुकीचा डोळा मात्र त्याच गतीला ट्यून केलेला, तीस वर्षं पिशवीत पडून होता तरी. भाच्याने एका हाताने एक कान दाबून धरला, दुसऱ्या हाताने नेम धरला, टीव्ही लपकला आणि बदक खाली आलं.