डायलिसिसचा रुग्ण आणि डाळिंबाचा पेला

फेब्रुवारी-मार्चमध्ये नाशिक जिल्ह्यात ज्या घरात द्राक्षे येत नाहीत असे घर विरळाच, आणि सटाणा-देवळ्याकडची डाळिंबेही इथे घरोघरी पोहोचतात. अशा जिल्ह्यात डायलिसिसवर असलेल्या, म्हणजे निकामी मूत्रपिंडांऐवजी यंत्राने रक्त शुद्ध करून घेणाऱ्या माणसाला ‘फळे बेतानेच’ असे बजावले जाते, तेव्हा घरच्यांना ते सहज पटत नाही, कारण डाळिंबात अँटीऑक्सिडंट भरपूर असतात हे त्यांनी वाचलेले असते. त्यांनी वाचले ते खोटे नाही, आणि म्हणूनच त्यांना नीट उत्तर मिळायला हवे.

आपल्या पेशी ऑक्सिजन वापरतात तेव्हा काही अतिशय क्रियाशील रेणू तयार होतात. त्यांना आवर घालणाऱ्या पदार्थांना अँटीऑक्सिडंट म्हणतात, आणि शरीराकडे ग्लुटाथिऑन, कॅटॅलेज यांसारखी स्वतःची व्यवस्थाही असते. क्रियाशील रेणू वाढले आणि ही व्यवस्था तोकडी पडली, की पेशींवरील मेदयुक्त आवरण, प्रथिने आणि रक्तवाहिन्यांचे अस्तर यांना इजा होऊ लागते. यालाच ऑक्सिडेटिव्ह ताण म्हणतात. मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णांत हा ताण आधीच वाढलेला असतो आणि त्यांच्यातील हृदयविकाराच्या मोठ्या प्रमाणाशी त्याचा संबंध जोडला जातो.

त्यात उपचाराचीच भर पडते. रक्त डायलायझरच्या, म्हणजे यंत्रातील रक्त गाळणाऱ्या नळकांड्याच्या, कृत्रिम पडद्याला स्पर्श करते तेव्हा पांढऱ्या पेशी त्याला परके समजून चेततात आणि जंतूंविरुद्ध वापरायची रसायने रक्तातच सोडतात. जुन्या सेल्युलोजच्या पडद्यांमुळे हे अधिक होई, आजच्या पॉलिसल्फोनसारख्या कृत्रिम प्लास्टिकच्या पडद्यांमुळे कमी होते. पाण्याचा प्रश्न तर याहून मोठा आहे. मिनिटाला ५०० मिली या वेगाने डायलिसिसच्या चार तासांच्या एका बैठकीत मुख्यतः पाण्यापासून बनवलेला सुमारे १२० लिटर द्रव पडद्याच्या पलीकडून, रुग्णाच्या रक्ताशेजारून वाहतो. पिण्याच्या पाण्याच्या निर्जंतुकीकरणात क्लोरामाइन तयार झाले असेल आणि कार्बन फिल्टरने ते अडवले नाही, तर ते पडदा ओलांडून हिमोग्लोबिनचे ऑक्सिडीकरण करते आणि तांबड्या पेशी फुटतात. माझ्या मते ऑक्सिडेटिव्ह ताणाविरुद्धची पहिली लढाई फळांच्या टोपलीत नाही, तर केंद्रातील पाणी शुद्ध करण्याच्या खोलीत आहे.

याच बैठकीत क जीवनसत्त्व मात्र निसटते. त्याचा रेणू लहान असल्यामुळे तो कचऱ्याबरोबर पडद्यातून बाहेर जातो. मग त्याच्या गोळ्या भरपूर घ्याव्यात, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण शरीरात त्याचे ऑक्झलेट बनते, आणि ते बाहेर टाकणारी मूत्रपिंडे काम करत नसल्याने ते हृदयासह अन्य अवयवांत साचू शकते. त्यामुळे मोठी मात्रा टाळतात. ई जीवनसत्त्वाविषयी २००० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, आधीच हृदयविकार असलेल्या १९६ डायलिसिस रुग्णांपैकी रोज ८०० युनिट घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचे झटके कमी आढळले. एकूण मृत्यूंत मात्र ठळक फरक दिसला नाही. एवढ्या आधारावर प्रत्येकाला ही गोळी सुरू करणे योग्य ठरत नाही.

डाळिंबाच्या रसाचाही प्रयोग इस्रायलमध्ये सुमारे शंभर डायलिसिस रुग्णांवर वर्षभर झाला. ऑक्सिडीकरणाच्या आणि दाहाच्या खुणा कमी झाल्या, संसर्गामुळे रुग्णालयात दाखल होणेही घटले. घरच्यांनी इथे एक तपशील बारकाईने वाचावा: रस १०० मिलीच होता, आठवड्यातून तीनदा होता, आणि तो रुग्ण डायलिसिसवर असतानाच दिला जात होता, म्हणजे त्यातील पोटॅशियम काढून टाकणारे यंत्र त्या वेळी चालूच होते. घरी भरलेल्या २०० मिलीच्या पेल्यातून सुमारे ४०० मिलीग्रॅम पोटॅशियम जाते. निकामी मूत्रपिंडे ते बाहेर टाकू शकत नाहीत, आणि ते रक्तात फार वाढले तर हृदयाचे ठोके बिघडतात, प्रसंगी थांबतातही. आठवड्यात तीनदा डायलिसिस घेणाऱ्याला दोन बैठकींमधला सर्वांत लांब खंड सांभाळणे म्हणूनच सर्वांत अवघड असते. त्या दिवसांत रसाचा पेला पुढे करण्याआधी रुग्णाचा पोटॅशियमचा ताजा अहवाल डॉक्टरांना किंवा आहारतज्ज्ञांना दाखवून किती दाणे चालतील ते विचारावे.